तीन बोटांचं वाकडं शिसं

मला बोलायची हौस नाही, हे आधीच सांगून ठेवतो. दोनशेहून जास्त वर्षं गप्प बसलो, कुणाचं काही अडलं नाही. पण ही अर्डिथ म्हातारी ऐकेल तर शपथ. डोळे अधू झाल्यापासून तिला टीव्ही धड दिसत नाही, म्हणून तिची करमणूक आता मी करायची. "ए ठोकळ्या, ऊठ. पोरं आलीत. सांग तुझं काय ते," म्हणते. ऊठ म्हणे! मला उठता आलं असतं तर मी इथे बसलो असतो का?

पोरं म्हणजे तिच्या भावाची नातवंडं. टेबलाभोवती तळलेला पाव खात बसलीत, हात तेलकट. एक ध्यानात ठेवा रे. मला हात लावलात तर साबणानं हात धुवायचे, मगच पावाला लावायचे. मी शिसं आहे. दिसायला गरीब, पण पोटात गेलो तर वाईट.

तर, मी मिसिसिपीच्या काठावरच्या एका टेकडीतला. त्या टेकडीच्या पोटात काळे, चकचकीत, चौकोनी खडे होते. ते खडे म्हणजे मी, लहानपणचा. मेस्क्वाकी म्हणजे तिथले मूळचे लोक, त्यांच्या बायका तिथे खणायच्या. बायका, बरं का. पुरुष शिकारीला जायचे आणि आल्यावर शिकारीच्या गप्पा मारायचे. खड्ड्यात उतरायच्या बायका, टोपल्या भरून वर आणायच्या त्याही बायकाच.

माझी माय माक्वीक्वे. अस्वलाच्या कुळातली. आवाज असा की तिनं हाक मारली तर पलीकडच्या काठावरचे बगळे उडायचे. शिसं गाळण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. उतारावर खड्डा करायची, दगड लावायची, ओंडके रचायची, ओंडक्यांवर खडे. पेटवलं की शिसं पाझरून चरातून खाली यायचं आणि ओल्या मातीतल्या खळग्यात साचायचं. निवलं की झाला ठोकळा.

आता तिची नणंद. ती माक्वीक्वेचे ठोकळे उचलून आपल्या ढिगात ठेवायची आणि वर म्हणायची, "वहिनी, शिसं काय, सगळं सारखंच दिसतं." म्हणून माक्वीक्वेनं खूण काढली. खळगा तयार झाला की त्याच्या तळाला तीन बोटं आडवी दाबायची. शिसं ओतलं की ठोकळ्याच्या पोटावर तीन उंचवटे उमटायचे. माझ्या जन्माच्या दिवशी सकाळीच दोघींचं वाजलं होतं. त्या रागात बोटं जरा जास्त खोल दाबली गेली. इतरांना पुसट रेघा, मला चांगल्या जाड वळकट्या. त्यामुळे मी जन्मापासून सपाट बसत नाही. डुगडुगतो.

तेव्हा तिथे एक गोरा राहायचा. ओनोरे तेसिए. कॅनडाकडून होडी वल्हवत आलेला फ्रेंच माणूस, त्या काठावर घर बांधणारा पहिलाच. त्यानं जमातीच्या वडीलधाऱ्यांना विचारलं, मी इथलं शिसं काढून विकू का? ते म्हणाले, "जिवंत आहेस तोवर काढ. आमच्यात राहा." त्यानं माक्वीक्वेच्या धाकट्या बहिणीशी लग्न केलं आणि राहिला. माणूस वाईट नव्हता. व्हायोलिन वाजवायचा, हसायचा, उधारीवर चहा वाटायचा. काम मात्र त्याच्यानं होत नसे. खणायच्या या, गाळायच्या या, आणि हा होडीत चढवून खाली सेंट लुईसला न्यायचा.

त्या लोकांत मेहुण्याची टर उडवायची रीत आहे. उडवली नाही तर लोक समजतात, या दोघांचं काहीतरी बिनसलंय. माक्वीक्वे या रीतीला फार जपायची.

होडी भरताना तेसिएनं मला रचलेल्या ठोकळ्यांवर ठेवलं आणि सगळी रास हलायला लागली. खाली ठेवलं, तरी तेच.

"अक्का, हे काय केलंस? हा डुगडुगतोय."

"मेहुणेबुवा, दोन पेले झाले की तुम्हीही डुगडुगता. आम्ही तुम्हाला नदीत टाकलं का?"

"अगं पण होडी कलंडेल ना!"

"मग त्याला ठेवा घरी आणि तुम्ही जा. किंवा तुम्ही बसा घरी, तो जाईल. व्यापाऱ्याला फरक कळायचा नाही."

काठावरच्या बायका हसून हसून वाकल्या. तेसिएही हसला. मला त्यानं घराच्या दारात टाकलं. माझे सगळे भाऊ खाली गेले आणि त्यांच्या बंदुकीच्या गोळ्या झाल्या. मी वाकडा म्हणून वाचलो.

दारात पडून मी बरीच वर्षं काढली. लोक माझ्यावर बूट खरवडायचे. मग तेसिए आजारी पडला आणि गेला. टेकडीच्या माथ्यावर त्याला पुरलं, मानानं. सगळ्यात मोठ्यानं माक्वीक्वे रडली. रडता रडता म्हणत होती, "मेहुणेबुवा, आता मी कुणाला बोलू?"

माती वाळली नाही तोच खालून, सेंट लुईसहून, माणसं आली. चांगले कोट घातलेली. म्हणाली, तेसिएनं ही टेकडी आमच्याकडे गहाण टाकली होती, आता टेकडी आमची. जमातीचे वडीलधारे एकमेकांकडे पाहायला लागले. टेकडी तेसिएची होतीच कधी?

माक्वीक्वे पुढे झाली. "मेहुण्याला बसायला चटई दिली होती," ती म्हणाली. "तो उठून गेला. चटई आमची आम्ही गुंडाळली. तुम्ही कोण?"

कोटवाले घराकडे बोट दाखवायला लागले. घर तर त्याचं आहे ना, म्हणे. दुसऱ्या दिवशी मेस्क्वाकींनी घरच जाळून टाकलं. नसेल घर तर दाखवाल काय? मी दारातच होतो. आग आणि मी, आमचं जमत नाही. ऊब जरा जास्त झाली की मी पातळ होतो. माक्वीक्वेनं मला पाहिलं, पायानं जोरात लोटलं आणि ओरडली, "लोळत जा मेल्या!" मी टेकडीवरून गडगडत थेट नदीच्या चिखलात. तिला मी परत पाहिलं नाही.

पुढे त्या लोकांना तिथून हुसकावलं, लांब धाडलं. ते गप्प बसणारे नव्हते. परत आले, याच राज्यात स्वतःच्या पैशानं जमीन विकत घेतली आणि तिथे राहिले. हे स्वयंपाकघर त्याच जमिनीवर आहे. पोरांनो, पाय हलवू नका, टेबल हलतं.

मी चिखलात होतो. नदीबद्दल मला काही तक्रार नाही. थंडगार, कुणाची कटकट नाही. एक मोठा मिशाळ मासा माझ्या आडोशाला राहायचा, तो गेला की त्याचा मुलगा. मग शिंपल्यांची बटणं करायचा धंदा निघाला, तेव्हा शिंपले काढणाऱ्या एका माणसाच्या गळाला मी लागलो. त्यानं मला होडीचा नांगर केलं. तो बिअर प्यायला ज्या खानावळीत जायचा तिथे एकदा मला विसरला आणि परत न्यायला आलाच नाही.

खानावळ लक्झेंबर्गहून आलेल्या एका कुटुंबाची. मी पुन्हा दारात. या वेळी दार उघडं ठेवायच्या कामाला. तोवर टेकडीखाली गाव वसलं होतं आणि गावाचं नावही तेसिए. चौकात त्याचा पुतळा, हातात कुदळ! मी त्या माणसाच्या हातात व्हायोलिन पाहिलं, पेला पाहिला, वल्हं पाहिलं. कुदळ कधी पाहिली नाही. गावाखाली मात्र खड्डेच खड्डे आहेत. एकदा एकाची मोटारीची शेड रात्रीतून खाली गेली आणि सकाळी तो अंगणात उभा राहून शेड शोधत होता. तो कोण ते येईलच.

खानावळ आता टिली चालवते, पहिल्या मालकाची नात. साठीची, गोल चेहऱ्याची, प्रेमळ बाई. ईस्टरच्या आधी चाळीस दिवस त्या लोकांचा उपास असतो. शुक्रवारी मांस चालत नाही, म्हणून टिली त्या दिवशी मासा तळते, आणि उपासाच्या नावाखाली लोक इतकं खातात की खुर्च्या करकरतात.

अशाच एका शुक्रवारी ही अर्डिथ आली. बुटाची नाडी बांधायला दारात वाकली, तिचा हात माझ्यावर पडला. नाडी राहिली बाजूला. मला उलटं केलं, पोटावरून बोटं फिरवली आणि तिथेच फतकल मारून बसली.

"मावशी, बरं वाटत नाही का?" टिली धावत आली.

"मला काही झालं नाही. माझी आजी सांगायची, आमच्यात एक भांडकुदळ बाई होती, ठोकळ्यावर तीन बोटं दाबायची. आम्हाला वाटायचं म्हातारी थापा मारते. हा कुठला?"

"आजोबांच्या वेळचा. तेसिएनं केलाय म्हणतात."

"तेसिएनं! त्यानं पोरं तरी स्वतः सांभाळली का ते विचार."

त्या दिवसापासून अर्डिथ दरवर्षी यायची, मासा खायची आणि मला मागायची. टिलीचा जीव खालीवर व्हायचा. "आजोबांची आठवण आहे हो, मावशी." अर्डिथ म्हणायची, "तुझ्या आजोबांच्या खूप आठवणी आहेत तुझ्याकडे. हे छत गळतंय ते आजोबांचंच ना? ते ठेव." मग दोघी हसायच्या. मी कुणाचा, हे मला कुणी विचारलं नाही, पण मी सांगतो: मला त्या बोटांकडे जायचं होतं.

गेल्या वर्षी थंडी सुरू व्हायच्या आधी अर्डिथ आली, ती दुसऱ्याच सुरात. डॉक्टरनं सांगितलं होतं, डोळे जाणार. या हिवाळ्यानंतर गाडी चालवायची नाही.

"टिली, पुढच्या खेपेला मी शेवटची येईन," ती म्हणाली. "नंतर मला तो दिसायचा नाही, पण हाताला लागेल. माझ्या टेबलावर असला तर."

टिलीनं डोळे पुसले. "उपासाच्या पहिल्या शुक्रवारी या मावशी. मासा खा आणि याला घेऊन जा. आजोबांना मी समजावते."

झालं. मी खूश. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी मला हवं तिथे जाणार होतो.

आणि इथे तो आला. वेंडेल क्नोख. टिलीच्या थोरल्या बहिणीचा नवरा. शेड खड्ड्यात गेली ती याचीच. उंच, लाल कानांचा, कुठल्याही कामात पुढे पुढे करणारा. गावात एक रीत आहे. नदी गोठली की बर्फावर एक लाकडी संडास नेऊन उभा करतात. हसू नका. त्याला दोरी बांधून काठावरच्या घड्याळाला जोडतात. वसंतात बर्फ वितळतो, संडास बुडतो, दोरीला ओढ बसते, घड्याळ थांबतं. कधी थांबेल ते प्रत्येकानं आधी सांगायचं. ज्याचं सगळ्यात जवळ येईल त्याला डुकराची धुरावलेली अख्खी तंगडी. आणि नियम एकच: एकदा उभा केला की बुडेपर्यंत संडासाला कुणी हात लावायचा नाही. चर्चमध्ये खोटं बोललेलं एक वेळ चालेल, पण हा नियम मोडलेला चालत नाही. सगळ्या कारभाराचा प्रमुख वेंडेल.

या वर्षी वारा फार होता. दोरी बांधण्याआधीच संडास दोनदा आडवा झाला. वेंडेल खानावळीत आला, इकडेतिकडे पाहिलं, मला उचललं आणि नेलं. टिली आत कोबी चिरत होती. विचारलं नाही, सांगितलं नाही. संडासात, भोकाच्या शेजारी मला ठेवलं, दार ओढून घेतलं, दोरी बांधली आणि शीळ घालत गेला.

टिलीला वाटलं, चोर. आठवडाभर सगळ्या गावाला विचारत होती. वेंडेलही म्हणत होता, "कमाल आहे, शिसं कोण चोरेल?" विसरला होता! मी तिथे फळ्यांवर बसून खालच्या पाण्याचा आवाज ऐकतोय, रोज थोडा अजून जवळ, आणि हा विसरला.

पहिला शुक्रवार उजाडला. ऊन पडलं होतं, वारा सुटला होता, बर्फ करकरत होता. अर्डिथची गाडी फुटपाथवर एक चाक चढवून थांबली. दारात माझी जागा रिकामी. टिली रडायलाच लागली. तेव्हा वेंडेलचा घास हातात राहिला.

"तो वाकडा ठोकळा होय?" तो म्हणाला. "तो तर... तो संडासात आहे."

"कुठल्या संडासात, दाजी?"

वेंडेलनं नदीकडे पाहिलं.

"आणा जा!" टिली ओरडली. "आत्ता!"

"कसा आणू? नियम आहे. हात लावायचा नाही."

"दाजी, तुम्ही कितीचा अंदाज सांगितलाय?"

वेंडेलचे कान आणखी लाल झाले. "रविवार. दुपार. पण त्याचा इथे काय संबंध?"

"तंगडीचा संबंध आहे! म्हातारीचे डोळे चाललेत आणि तुमचा जीव तंगडीत!"

"बुडाल्यावर काढू की. पाणबुड्या आणू."

खानावळीत गलका उठला. कुणी म्हणे नियम तो नियम, कुणी म्हणे लाज वाटू द्या. अर्डिथनं शांतपणे मासा संपवला, तोंड पुसलं आणि उभी राहिली.

"तो संडास चालू आहे का?" तिनं विचारलं.

"म्हणजे?" वेंडेल म्हणाला.

"मला लागलीय."

"आत आहे ना आपला, तिकडे डावीकडे..."

"मला तो हवा. हात लावणार नाही, बसणार. बसायचं नाही असा नियम आहे का?"

तसा नियम नव्हता. कुणाच्या डोक्यात आलाच नव्हता.

सगळी खानावळ काठावर. म्हातारी पर्स सांभाळत, काठी टेकत बर्फावरून चालत आली. दार तिनं काठीनं उघडलं. हात लावला नाही. आत आली, बसली, मला पाहिलं. "काय रे मेल्या," म्हणाली, "सापडलास." खरोखर कार्यभाग उरकला, कारण ती खोटं बोलत नाही. मग गळ्यातला लोकरी मफलर माझ्याभोवती बांधला आणि मला ओढत बाहेर काढलं. पोटावरच्या वळकट्यांवर मी मस्त घसरत होतो.

आम्ही थोडं पुढे आलो असू. मी नसलेला संडास हलका झाला होता. वाऱ्यानं त्याला उचललं, आडवा केला, आणि तो दार आपटत बर्फावरून सुसाट निघाला. दोरी ताणली. काठावर घड्याळ थांबलं.

"शुक्रवार!" कुणीतरी किंचाळलं. "फादर जिंकले!"

पाद्रीबाबा दरवर्षी शुक्रवारच सांगतात. या वर्षी लागला. त्यांचा उपास कडक, ईस्टरपर्यंत मांसच शिवत नाहीत, म्हणून तोवर तंगडी नुसती बघत बसावी लागली, तो भाग वेगळा.

"बुडाला नाही! हे धरायचं नाही!" वेंडेल नाचत होता.

"दाजी, घड्याळ थांबलं की संपलं," टिली म्हणाली. "नियम तुमचाच."

एवढ्यात काठाजवळचा बर्फ वाजला आणि अर्डिथचा एक पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. वाजवी ते सांगतो: सगळ्यात आधी वेंडेल धावला. शिडी आडवी टाकली, पोटावर सरपटत आला, हात पुढे केला.

"आधी याला घे," अर्डिथ म्हणाली आणि मफलरचं टोक त्याच्याकडे फेकलं.

"मावशी, खुळी झालीस का? आधी तू!"

"मी बुडाले तर माझे लोक रडतील. हा बुडाला तर माझे लोक तुझ्याशी बोलतील. बघ, काय परवडतं."

त्यानं एका हातानं मला ओढलं, एका हातानं तिला. दोघंही बाहेर आलो. टिलीनं म्हातारीचे पाय गरम पाण्यात ठेवले, वर ब्रँडी पाजली. संध्याकाळ व्हायच्या आत टिलीनं म्हातारीच्याच गाडीत आम्हाला इथे आणून सोडलं.

तेव्हापासून मी या टेबलावर, खिडकीपाशी. अर्डिथचा एक डोळा पुरता गेलाय, दुसरा जायच्या वाटेवर. सकाळी कॉफी घेताना ती आपली तीन बोटं माझ्या पोटावरच्या तीन वळकट्यांवर ठेवते. नेमकी बसतात असं नाही. माक्वीक्वेची बोटं जाड होती. पण ती ठेवते, आणि मी डुगडुगत नाही. मग उठून हात धुते. तिच्या नणंदा येतात, मला पाहून म्हणतात, "वहिनी, अगदी तुझ्या वळणावर गेलाय." तीही त्यांना काहीतरी ऐकवते, ते पोरांपुढे सांगण्यासारखं नाही.

पोरांनो, चौकातल्या त्या पुतळ्यापाशी कधी गेलात तर लोकांना एवढं सांगा: खणलं बायकांनी. तेसिएलाही राग यायचा नाही. तो हसेल.

बाकी मला काही नको. फक्त एक राहिलंय. तो दर महिन्याला येतो, बादलीभर मासे घेऊन. अर्डिथ त्याला दारातूनच ऐकवते, "आला का संडासवाला!" पहिल्यांदा त्याचा चेहरा पडला होता. टिलीनं समजावलं, त्यांच्यात जवळच्या माणसालाच बोलतात. आता ती बोलली नाही तर हाच विचारतो, मावशी, काही चुकलं का? त्यानं अर्डिथची माफी मागितली. टिलीची मागितली. पाद्रीबाबांचीही मागितली, तंगडीवरून भांडला म्हणून. आणि माझ्यासमोर बसून, माझ्यावर कोपर टेकून, कॉफी पितो, आत्ताही पितोय. मला न विचारता उचललं, भोकाशेजारी बसवलं, पाण्यावर सोडलं आणि विसरला, त्याबद्दल एक अक्षर नाही. मी कुठे जात नाही, याच टेबलावर आहे. कोपर काढ आणि बोल, वेंडेल क्नोख.